हर्मिनावहिनीसाठी तीन मिनिटं

"बसा," वहिनी म्हणाली. "कॉफी घेता ना?"

एकसष्ट वर्षांत ती मला 'बसा' कधी म्हणाली नव्हती.

सिल्वेस्टर, माझा थोरला भाऊ, तिला लग्न करून केटल क्रीकला, आमच्या वस्तीवर, घेऊन आला तेव्हा ती अठराची होती आणि मी अकराचा. मी पुढे गेलो. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि नवऱ्याला विचारलं, "हा तुमचा भाऊ, की कुंपणाला अडकलेली विजार?" मी म्हणालो, "दादा, हिला परत देऊन ये, अजून उजेड आहे." घरातल्या म्हाताऱ्या हसल्या आणि माना हलवत पुन्हा आपल्या शिवणाला लागल्या. नातं जमलं होतं.

आम्हा लाकोटांत, अमेरिकेतल्या आमच्या आदिवासी जमातीत, दीर आणि भावजय एकमेकांना सोडत नाहीत. भर पंगतीत, मेळ्यात, मयताच्या घरीसुद्धा. जितकी माया जास्त तितका टोमणा धारदार. दोघं गोड बोलायला लागली तर लोक हळूच विचारतात, काय बिनसलं?

म्हणून तिनं मला खुर्ची पुढे केली, कपात न विचारता साखर घातली आणि "वाटेत त्रास नाही ना झाला?" असं विचारलं तेव्हा मला कुणी कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं. मी तिच्या दारासमोर, रस्त्यापलीकडे राहतो.

"वहिनी, एक शिवी दे," मी म्हणालो.

"कशाला? तुम्ही पाहुणे."

टेबलावर मंडळाचं पत्र उघडं पडलं होतं. ते काय होतं आणि त्यात माझा हात किती, ते सांगायला हवं. माझा राग अजून निवलेला नाही. त्यातला काही माझ्यावरचा आहे, तोही इथेच सांगून टाकतो.

हर्मिना ब्राइट हॉर्न ही काही मोठी बाई नव्हे. आमच्या वस्तीत तिच्यासारख्या पन्नास होत्या. आता चार उरल्यात. नऊ वर्षं ती पाद्र्यांच्या निवासी शाळेत होती. त्या वर्षांविषयी ती एकच सांगायची, की तिथली लापशी पातळ असे. मग लग्न, तीन मुलं, दवाखान्याच्या धुलाईघरात बावीस वर्षं नोकरी. हिवाळ्यात मधोमध मोठा तारा असलेल्या, ताऱ्याच्या गोधड्या शिवायची. कुणी गेलं की एक गोधडी, कुणी शिकून पास झालं की एक. स्वतःच्या पलंगावर मात्र दवाखान्यातून टाकून दिलेलं राखाडी कांबळं.

तिनं आपल्या मुलांना लाकोटा शिकवली नाही. नवराबायको आपसात तीच भाषा बोलत. मुलं खोलीत आली की दोघं इंग्रजीत शिरत. जणू पाऊल वाजताच कुणी दिवा मालवावा. सिल्वेस्टर गेला तेव्हा त्याच्या कबरीशी मी उभा राहून आमच्या भाषेत त्याला वाटेला लावलं. ते करणारा घरात मीच उरलो होतो. तिचा थोरला मुलगा, वेंडेल, तेव्हा पन्नाशीला टेकलेला, आडदांड माणूस, ट्रक दुरुस्त करणारा. तो आईकडे वाकला आणि त्यानं विचारलं, "काका बाबांना काय सांगतोय?"

वहिनीनं मूठभर माती कबरीत टाकली. त्या वसंतात तिनं जमातीच्या कचेरीत जाऊन एक रिकामा ट्रेलर मागितला.

तो ट्रेलर म्हणजे एक पत्र्याचं लांबुळकं खोकं. खिडक्यांना प्लास्टिक ठोकलेलं, दाराखालून वारा. तिथे तिनं मुलं जमवली, तीन ते पाच वर्षांची. आधी चार, मग सात, मग अकरा. दारात एक कॉफीचा रिकामा डबा ठेवला. सकाळी आत येताना प्रत्येक मुलानं डब्यात 'थू' करून आपली इंग्रजी टाकायची आणि झाकण लावायचं. संध्याकाळी आईबापांना हवी तर घेऊन जावी. काही मुलं जाताना घ्यायची विसरत आणि घरी फोन यायचे: आजी, ही काय म्हणतेय ते सांगा जरा.

दुपारी सुक्या मांसाचं सूप, चोकचेरीच्या रानफळांची घट्ट खीर, म्हणजे वोजापी, आणि सरकारी वाटपातलं चीज. स्टोव्हवर दोरी बांधून मांसाच्या पट्ट्या वाळत. आमच्यासारखे म्हातारे दिवसभर ये-जा करत, कोपऱ्यात डुलक्या काढत, जागे झाले की गोष्ट सांगत. एका जानेवारीत खोली तापवायच्या टाकीतला गॅस संपला. रस्ता बर्फानं बंद होता. वहिनीनं अकराही मुलांना एका गादीवर घेतलं, वाटायला शिवून ठेवलेल्या सगळ्या ताऱ्याच्या गोधड्या त्यांच्यावर घातल्या आणि वेंडेल ट्रॅक्टर घेऊन पोचेपर्यंत चार तास त्यांना जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या, म्हणजे आमच्या त्या लबाड इक्तोमीच्या, गोष्टी सांगितल्या. मुलांना ती सहल वाटली. अजून विचारतात, आजी, गॅस परत कधी संपणार?

तर हा गॅस. त्याला आणि मुलांच्या जेवणाला मदत हवी, तर बालसंगोपनाच्या परवाना मंडळाचा कागद हवा. कागद नाही तर मदत नाही, आणि मदत नाही तर कचेरी ट्रेलर परत घेणार. डॅनेल नावाची एक बाई, चौतिशीची, जिची जुळी त्या अकरांत आहेत आणि जी स्वतः वहिनीजवळ बसून भाषा शिकते, तिनं अर्ज भरला. ऑक्टोबरात तपासायला मंडळाचं कुणी आलं, एक तास थांबलं आणि लिहून गेलं: दारात थुंकण्याचा डबा, चुलीवर उघडं मांस, अनोळखी वृद्धांचा वावर. अनोळखी म्हणजे मी. त्या खोलीतल्या प्रत्येक मुलाच्या आजीला मी कधी ना कधी नाचायला बोलावलं आहे.

मग सुनावणी. जिल्ह्याच्या गावी, बेचाळीस मैलांवर. अर्जदारानं यावं, सोबत एक साक्षीदार आणावा. साक्षीदार कोण, यावर चर्चासुद्धा झाली नाही. मेळ्यांत पुकारा करणारा मी. कुणाला मान द्यायचा, कुणाची ओळख करून द्यायची, तर एम्ब्रोजला माईकपाशी उभा करा. त्याआधी तीस उन्हाळे मी काळ्या डोंगरांत पर्यटकांच्या तंबूत लुटुपुटीच्या लढाईचे खेळ केले. दुपारी एकदा आणि चार वाजता एकदा घोड्यावरून पडून मरत असे. तो तंबू, तो भुसा, ती घंटा, खोटं कशाला बोलू, आठवण आली की अजून छाती भरून येते. माणसाला टाळीची सवय लागते, टाळी कशाला पडतेय हे तो मग विचारत नाही. त्या लोकांना माझं बोलणं नको होतं, माझं पडणं हवं होतं. तरी मी समजत होतो की गोऱ्या प्रेक्षकांची नाडी मला कळते.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबलामागे पाच जण. मधोमध अध्यक्ष, मिसेस ऑलरिक, करड्या केसांच्या, चेहऱ्यावर राग-लोभ काही नाही. त्यांच्यापुढे एक घड्याळ, घंटेचं.

"अर्जदारानं आपली पात्रता सांगावी. तीन मिनिटं."

वहिनी उठली. आधी टेबलाला वळसा घालून तिनं पाचही जणांशी हात मिळवले, कुणाच्याही डोळ्यांत न बघता, हलक्या हातानं, जसं आमच्यात मान देताना करतात तसं. एक तरुण सदस्य गोंधळून उभा राहिला आणि त्याचं पेन खाली पडलं. मग ती आपल्या जागी येऊन म्हणाली:

"मी साधी बाई आहे. मला फारसं काही येत नाही. इथे माझ्याहून जाणती माणसं बसली आहेत. चुकलंमाकलं पोटात घाला."

आणि बसली.

ते भाषण उत्तम होतं. आमच्या कुठल्याही सभेत लोकांनी माना डोलावल्या असत्या, की बाई घरंदाज आहे. आपल्या तोंडानं आपलं गुणगान हे आमच्यात नागवं फिरण्यासारखं. तुझं काय ते दुसऱ्यानं सांगायचं. ते सांगायलाच तर दुसऱ्याला सोबत आणायचं. आता ते दुसऱ्याचं काम माझं होतं.

मी उठलो, गळा साफ केला आणि दीर म्हणून जशी सुरुवात करायची तशी केली.

"वहिनी खरं बोलतेय. एकसष्ट वर्षं ओळखतो हिला. हिला काही येत नाही. हिनं तळलेली रोटी घरी नेतो आम्ही, घोड्याला नाल म्हणून ठोकतो."

मी थांबलो. हशासाठी थांबावं लागतं, ते रक्तात आहे. मागून डॅनेल एकटी हसली आणि तिचं हसू मध्येच विझलं. मला वाटलं, प्रेक्षक थंड आहे, अजून एक देऊ. "लोक म्हणतात, मुलं हिच्याकडे शिकतात. मी बघतो तर मुलंच हिला सांभाळतात. परवा चार वर्षांचं पोर हिला चष्मा शोधून देत होतं, आणि चष्मा नाकावर."

पुन्हा थांबलो. अजून एक दिला, शिवणाचा. आमच्याकडे ही नांदी असते. आधी लोकांना हसवून मोकळं करायचं, मग आवाज खाली आणायचा, आणि 'पण' म्हणायचं. त्या 'पण'साठी सगळं असतं. त्याच्यानंतर माणसं डोळे पुसतात.

"पण," मी म्हणालो.

घंटा वाजली.

"आभारी आहोत," मिसेस ऑलरिक म्हणाल्या.

"मी अजून सुरुवात केली नाही."

"वेळ सर्वांना सारखा असतो."

आणि मी बसलो. याच्यासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही. तीस वर्षं घंटा वाजली की पडलो, घंटा वाजली की उठलो. त्या दिवशीही घंटा वाजली आणि माझे गुडघे आपोआप वाकले. वहिनीनं वळून माझ्याकडे पाहिलं. ती वाट पाहत होती, पुढचं मी कधी बोलतो याची.

दोन आठवड्यांनी ते पत्र आलं. त्यात होतं: 'अर्जदारास विषयाचे ज्ञान नसल्याचे तिने स्वतः नमूद केले आहे. अर्जदाराच्या साक्षीदाराने, जो तिचा निकटचा नातलग आहे, यास दुजोरा दिला आहे.' परवाना नामंजूर. डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून खोली बंद. अपील करायचं तर महिन्याच्या आत.

दुजोरा दिला आहे. मी.

डॅनेलनं अपिलाचा कागद आणला, टाइप केलेला, स्वच्छ. वहिनीनं चष्मा लावून वाचला. मी दारात उभा होतो, कारण बसायचं धाडस होत नव्हतं.

"'मी लाकोटा भाषेची तज्ज्ञ आहे,'" तिनं मोठ्यानं वाचलं. "'मला सखोल अनुभव आहे.' हे कोण म्हणतंय?"

"तुम्ही, आजी. खाली सही करायची."

"मी असं कधी म्हटलं?"

"म्हणायचं, आजी. सगळे म्हणतात. तिथे तसंच लिहितात."

"माझी सासू सगळ्या झाडपाल्याची नावं जाणायची. तिनं कधी म्हटलं नाही की मी तज्ज्ञ. मी म्हणू? वर गेल्यावर ती मला उंबऱ्यातूनच हाकलेल."

"खोली बंद होईल."

"होऊ दे."

"मग माझी पोरं कुठे जातील?" डॅनेलचा आवाज चढला. आमच्यात म्हाताऱ्यांपुढे आवाज चढवत नाहीत. तिला ते कळलं, तरी ती थांबली नाही. "त्यांना एवढं सगळं देऊन आता सोडणार? तुमचा विनय तुम्हाला लखलाभ. माझ्या आईला तुमच्यासारख्यांनी काही शिकवलं नाही, मला शिकवलं नाही. आता देताय तर एका सहीसाठी अडलंय?"

वहिनीनं चष्मा काढला. कागद नीट घडी घालून डॅनेलला परत दिला. "मी खोटं लिहून पोरांना काय शिकवू?" ती म्हणाली, आणि आत निघून गेली. डॅनेल पायरीवर बसून रडली. रागानं रडत होती, नाक पुसत आणि मधून मधून मंडळाच्या सातही पिढ्यांचा उद्धार करत. मी तिच्या शेजारी बसलो. मला तिथे बसायला परवानगी लागत नव्हती.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही बोलला असतात ना त्या दिवशी, हे झालंच नसतं."

"ठाऊक आहे मला."

"तर बोला."

अपिलावर अर्जदाराची नुसती सही लागते; मजकूर साक्षीदाराचाही चालतो, असं तिनं शोधून काढलं. पुन्हा सुनावणी, पुन्हा तीन मिनिटं. वहिनीनं फक्त सही करून हजर राहायचं होतं. पण त्यात एक अडचण होती, आणि ती मंडळाला सांगून कळली नसती. भावजयीविषयी तिच्या तोंडावर, चारचौघांत, टोमण्याशिवाय सरळ बोलायचं, हे दिरानं करायचं नसतं. मेळ्यात नांदीच्या आडोशानं जमतं. सरळ उभं राहून, थंडपणे, तिच्या आयुष्याचा पाढा वाचायचा म्हणजे तिच्या अंगावरची शाल ओढण्यासारखं.

मी तिच्याकडे गेलो. ती मुलांची ताटं विसळत होती.

"मला तुझ्याविषयी खरं बोलावं लागेल, वहिनी."

पाणी वाहत राहिलं. "सगळं?"

"तीन मिनिटांत मावेल तेवढं."

"कोळशाचं नको."

कोळशाचं मला सिल्वेस्टरनं सांगितलं होतं, मरायच्या आधीच्या वर्षी. तिनं स्वतः कुणालाच सांगितलं नव्हतं.

"ते घेतल्याशिवाय होत नाही," मी म्हणालो.

तिनं एक ताट दोनदा विसळलं. "वेंडेल गाडी चालवणार आहे. तो मागे उभा असेल."

"असेल."

"मग मी शाल ओढून घेईन," ती म्हणाली. "तुम्ही बोला." अजून 'तुम्ही'च.

तालमी झाल्या ट्रेलरच्या मागे, वाऱ्यात. डॅनेल फोनवर वेळ लावून उभी. मी पहिल्यांदा सुरू केलं ते नदीपासून, आमचे लोक तिथे कसे आले तिथपासून. डॅनेलनं हात वर केला.

"आजोबा, बावीस मिनिटं झाली आणि आजी अजून जन्मलेली नाही."

नदी काढली. मग सिल्वेस्टरचा घोडा काढला, तो काढताना मला खरंच त्रास झाला, कारण तो घोडा अप्रतिम होता. मग सगळे विनोद काढले. उरलं ते इतकं उघडं होतं की मला ते म्हणताना लाज वाटे. डॅनेल म्हणायची, "पुन्हा."

दुसऱ्या सुनावणीला तीच खोली, तेच टेबल, तेच घड्याळ. वहिनीनं पुन्हा पाचही जणांशी हात मिळवले. मग खुर्चीवर बसली, झालरीची शाल डोक्यावरून पुढे ओढली आणि तिचा चेहरा दिसेनासा झाला. मिसेस ऑलरिकनी विचारलं, अर्जदाराला बरं नाही का? डॅनेल म्हणाली, बरं आहे. वेंडेल मागे भिंतीशी टोपी हातात धरून उभा होता.

मी उठलो. थंड उभा राहिलो, हात शरीराशी. असं नाटक मी कधी केलं नव्हतं.

"मी एम्ब्रोज, या बाईचा दीर. मागच्या वेळी मी चेष्टा केली, ती आमच्यातली मान देण्याची सुरुवात असते. ती तुम्हाला ठाऊक नव्हती, यात तुमचा दोष नाही. तेवढीच लिहून घेतलीत आणि पुढचं ऐकलं नाहीत, यात आहे.

"ही सात वर्षांची असताना शाळेच्या निजायच्या खोलीत, थंडीत, हिनं धाकट्या बहिणीला आमच्या भाषेत म्हटलं, 'माझ्याजवळ ये.' त्याबद्दल हिला कोळशाच्या तळघरात कोंडलं. दोन दिवस. बाहेर काढल्यावर विचारलं, आता तुझी भाषा येते का? ही म्हणाली, 'मला काही येत नाही.' तेव्हा ते उत्तर बरोबर ठरलं आणि हिला जेवायला मिळालं. गेल्या महिन्यात हिनं इथे तेच वाक्य सभ्यपणानं म्हटलं, तर तुम्ही तेवढ्यावर हिची खोली बंद करता.

"हिनं आपल्या मुलांना ही भाषा दिली नाही. ती शिकली असती तर कुणीतरी त्यांनाही कोळशात कोंडलं असतं, ही हिची भीती. पन्नास वर्षं हिनं घरात तोंड आवरलं. नवरा गेल्यावर हिला कळलं की भीती पुरून उरली आणि भाषा संपत आली. तेव्हा ही सत्तरीची होती. आज अकरा मुलं भांडतात ती लाकोटात भांडतात. झोपेत बरळतात ती लाकोटात. हे काम सबंध जिल्ह्यात दुसरं कुणी करून दाखवलेलं नाही.

"तुम्ही विचारता, हिचं प्रमाणपत्र कुठे. ज्यांनी हिला शिकवलं ते टेकडीवर दफनभूमीत आहेत. त्यांच्या सह्या हव्या असतील तर वाट मी दाखवतो, कुदळही माझ्याकडे आहे.

"ही म्हणते, मला काही येत नाही. असं म्हणायला फार येत असावं लागतं. माझं संपलं."

आणि मी उभाच राहिलो.

घड्याळ चालू होतं. मिसेस ऑलरिकनी त्याकडे पाहिलं.

"तुमचा वेळ शिल्लक आहे."

"वापरतोय," मी म्हणालो.

चाळीसेक सेकंद असतील. आमच्याकडे बोलून झाल्यावर शांतता ठेवतात, बोलणं खाली बसायला. त्या खोलीला तिची सवय नव्हती. तरुण सदस्य पेनाशी चाळा करत राहिला. मागे वेंडेलच्या श्वासाचा आवाज येत होता. मग घंटा वाजली. या वेळी माझे गुडघे वाकले नाहीत. मी आधी खुर्ची मागे सरकवली आणि माझ्या सवडीनं बसलो.

बाहेर गाड्यांपाशी वेंडेलनं आईसाठी पिकअपचं दार उघडलं. ती चढेना. शाल मागे सरली होती. ती मुलाकडे बघत होती आणि तो जमिनीकडे.

"मला वाटायचं," वेंडेल म्हणाला, "तुला आम्ही लायक वाटलो नाही."

तिनं हात वर करून त्याचा कान पकडला, लहानपणी धरायची तसा, आणि बराच वेळ सोडला नाही. तो पन्नाशी ओलांडलेला धिप्पाड गडी वाकून उभा राहिला. मी दुसरीकडे पाहिलं.

मग ती माझ्याकडे वळली.

"इतकं रटाळ भाषण मी जन्मात ऐकलं नाही," ती म्हणाली. "आणि विजार वर ओढ. सगळ्या मंडळाला दर्शन घडवलंस."

मी विजार वर ओढली.

निकाल दहा दिवसांनी आला. परवाना मंजूर, तात्पुरता, एक वर्षासाठी. अट अशी की खोलीत सदासर्वकाळ एक प्रमाणित पर्यवेक्षक बसलेली असावी; ती मंडळ पाठवेल. शिवाय दारातला डबा काढावा.

सगळे म्हणाले, जिंकलो, आनंद माना. मुलांना कळलं की ट्रेलर राहतोय, त्यांनी गाद्यांवर उड्या मारल्या. मी मानला आनंद, जेवढा मानता येईल तेवढा. पण मला सांगा, आपल्या घरात आपल्या नातवंडांना आपली भाषा द्यायची, आणि शेजारी परक्या कुणालातरी बसवायचं, जिला त्यातला एक शब्द कळत नाही, आणि तिनं वहीत लिहायचं की हे बरोबर चाललं आहे. यावर पेढे वाटायचे? एके काळी कोळशात कोंडलं, आता वर्षभराच्या बोलीवर बोलायची मुभा दिली. पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा तीच घंटा. वहिनी ऐंशीची असेल. त्यांच्याकडे वर्षं भरपूर आहेत, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक आहे.

पर्यवेक्षक आली, मिसेस हॅगन, पन्नाशीची, दम्याची, फाइल छातीशी धरून. बाई वाईट नाही. पहिल्या दिवशी घरचा केक घेऊन आली. डबा दारात नव्हता. वहिनीनं तो बाहेर पायरीवर ठेवला होता, कारण पायरी म्हणजे दार नव्हे. मिसेस हॅगन तशीच आत शिरली. डॅनेलच्या जुळ्यांतल्या धाकटीनं तिचं बोट धरलं, तिला ओढत पुन्हा पायरीवर नेलं आणि डब्याकडे बोट केलं. बाईनं आत वहिनीकडे पाहिलं. वहिनी मांसाच्या पट्ट्या दोरीवर टाकत होती. तिनं वर बघितलंच नाही. शेवटी मिसेस हॅगननं फाइल काखेत धरली, वाकली आणि हळूच, रुमालात शिंकल्यासारखं, 'थू' केलं. पोरीनं झाकण लावलं आणि वर हात ठेवून दाबलं.

तिच्या मागे रांगेत वेंडेल होता. सकाळचे दोन तास दुकान बंद ठेवून तो येतो, मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे कानाशी घेऊन बसतो. त्याला अजून फक्त रंग येतात. मुलं त्याच्या चुकांना मनसोक्त हसतात, आणि तो आईसारखा मान खाली घालून हसतो.

मी त्याच्या मागून आलो. थुंकलो, झाकण लावलं, आत गेलो. माझी कोपऱ्यातली खुर्ची मोकळी होती. मी टेकणार तेवढ्यात वहिनी दोरीवरून न वळता म्हणाली,

"तुला कुणी बस म्हटलं? लाकडं आण."